व्याह्यांसाठी एक कढई नूडल्स

तायारीन सालतादो हा वीस मिनिटांत होणारा पदार्थ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्या माणसाला माझ्याकडे पाठवून द्या. पत्ता सोपा आहे. लिमाच्या लिन्से भागात, चोयच्या चिफाच्या, म्हणजे चिनी खानावळीच्या, मागची इमारत, तिसरा मजला, आबेलार्दो म्हणून विचारा. खरं तर विचारायचीही गरज पडणार नाही. त्या शनिवारपासून आमच्या भागात मला न ओळखणारा माणूस उरलेला नाही.

पदार्थ म्हणाल तर अगदी साधा. बीफच्या लांबट फोडी, कांदा, टोमॅटो, पिवळी मिरची, सोया सॉस आणि उकडलेल्या नूडल्स. सगळं एकाच कढईत मोठ्या जाळावर परतायचं आणि लगेच पानात वाढायचं. लिमात जन्मलेल्या कुठल्याही पुरुषाला विचारा, हा पदार्थ कसा करायचा ते तो तुम्हाला रस्त्यात उभ्या उभ्या सांगेल. स्वतः कधी केलेला नसेल, पण सांगेल. मीही त्यातलाच. पन्नाशी उलटेपर्यंत मी हा पदार्थ फक्त खाल्ला होता, आणि तो कुठे चुकलाय हे निल्दाला वेळोवेळी समजावून दिलं होतं.

निल्दा म्हणजे माझी बायको. तिनं बसमधून उतरताना उजवं मनगट मोडून घेतलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, आणि ते अजून ओलं होतं तेवढ्यात रेन्सोच्या वडिलांचा फोन आला. रेन्सो म्हणजे आमच्या मुलीचा, मिलुस्काचा मित्र. 'मित्र' हा शब्द मी दोन वर्षं मोठ्या निष्ठेनं वापरत होतो. आता त्याचे आईवडील रीतसर मागणी घालायला शनिवारी संध्याकाळी येणार होते, त्यामुळे तो शब्द सोडून देणं भाग होतं.

"आमच्यासाठी थाटमाट अजिबात नको," एवारिस्तोसाहेब फोनवर म्हणाले. रेन्सोच्या वडिलांचं नाव एवारिस्तो. आवाज असा, की माणूस फोनवरसुद्धा टाय लावून बोलतोय असं वाटावं. "तुम्ही घरी जे खाता तेच आम्ही खाऊ. जेवणावरून घर कळतं."

जेवणावरून घर कळतं! हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा मनात घोळवलं असेल त्याला हिशेब नाही. म्हणजे ही माणसं जेवायला येत नव्हती, तपासणीला येत होती. एका ताटलीवरून ठरणार होतं, की आमची मिलुस्का कुठल्या घरची मुलगी आहे. मी नोटरीच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. दुसऱ्यांची कागदपत्रं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःवर तपासणीची वेळ आली की कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

"चोयकडून मागवू," निल्दा म्हणाली. "आपल्या भांड्यात काढू आणि गप्प बसू."

"मुलीच्या घरी पहिल्यांदा जेवायला येणार, आणि त्यांना हॉटेलातलं खायला घालायचं? मी करीन."

"तू?"

"मी. तायारीन सालतादो. एक कढई, वीस मिनिटं."

"आबेलार्दो, तुला अंडं उकडता येत नाही."

"अंड्याचा विषय वेगळा आहे," मी म्हणालो. तो वेगळा कसा हे तिनं विचारलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकारच. तिनं एकच अट घातली. मागणी घालून होईपर्यंत इमारतीत कुणाकडेही एक अक्षर बोलायचं नाही. आधी बोललं की ठरलेलं मोडतं असं तिच्या माहेरी सगळे मानतात, आणि तिच्या माहेरच्यांशी वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलंय.

मंगळवारी मी घरी रंगीत तालीम केली. मांस कढईत टाकलं, आणि ते परतायच्या ऐवजी आपल्याच पाण्यात शांतपणे उकळायला लागलं. जाळ वाढवायला गेलो तर बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं. आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आल्यापासून शेगडीत एक निळी, सुसंस्कृत ज्योत जळते. तिच्यावर दूध तापतं, पण तिला राग म्हणून येत नाही. अर्ध्या तासानं मी ताटल्या भरल्या.

"सूप चांगलं झालंय," निल्दा म्हणाली.

मिलुस्का म्हणाली, "मला आवडलं हं, पपा." ही मुलगी लहानपणापासून खोटं बोलताना खाली बघते. त्या वेळी ती थेट टेबलाखाली बघत होती.

मी तडक चोयकडे गेलो. चोयच्या आजोबांनी ते चिफा उघडलं. तेव्हापासून त्या घरातला प्रत्येक माणूस स्वतःला आगीचा मालक समजतो. त्यानं माझी तक्रार ऐकली आणि डॉक्टरासारखा चेहरा केला.

"साहेब, तुमच्या शेगडीवर चहा होतो. सालतादोला जाळ कढईत उडी मारून आत यायला हवा. मांसाला धूर लागायला हवा. किती माणसं आहेत? मीच पाठवतो ना."

"मला स्वतःला करायचं आहे."

"स्वतःला?" त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणला. "वहिनींचा हात कसा आहे?"

"आहे प्लास्टरमध्ये. पण कारण घरगुती आहे, फार बोलता येत नाही."

"कळलं," चोय म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं आपली मोठी शेगडी, सिलिंडर आणि एक अशी कढई बाहेर आणली की तिच्यात लहान मुलाला आंघोळ घालता येईल. भाडं विचारलं तर हात झटकले. "घरात पेटवू नका मात्र. पडदे आहेत ना?"

"आहेत."

"मग राहणार नाहीत."

एवढं प्रेम पाहून मी भारावून गेलो. मनात म्हटलं, याला मागणीचा सुगावा लागलाय, पण माणूस किती समजूतदार, उच्चार करत नाही.

घरात पेटवायची नाही म्हणजे खालच्या अंगणात पेटवायची, आणि अंगण म्हणजे फेलिसियानोसाहेब. हे आमच्या सोसायटीचे चेअरमन. नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, हे नियम करतात. जिन्यात सायकल ठेवू नये, गच्चीत कपडे पिळू नयेत, कुत्र्यानं लिफ्टमध्ये एकटं जाऊ नये, असे अनेक नियम त्यांनी कमिटीकडून मंजूर करून घेतले आहेत. मी त्यांच्या दारात उभा राहून आल्याचं कारण सांगितलं. त्यांनी मला आत बसवलं, चष्मा लावला आणि नियमांची जाडजूड फाइल उघडली.

"सिलिंडरला मनाई आहे."

"अंगणात?"

"अंगणात विशेष मनाई आहे. कार्यक्रम कुठला?"

"घरगुती आहे. शनिवारी संध्याकाळी. तायारीन करायचा आहे."

"घरगुती कारणासाठी अंगण देता येत नाही. वाढदिवसाला दिलं नाही, बारशाला दिलं नाही. तुम्हाला दिलं तर उद्या चौथा मजला नाचायला येईल." ते पानं उलटत राहिले. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "एकच अपवाद आहे, आबेलार्दो. मदतकार्य. मदतकार्याला अंगण मिळतं, सिलिंडरसकट. मदतकार्य म्हणून लिहू का?"

मी कचेरीतला माणूस. कागद पुढे सरकावा म्हणून रकान्यात काहीतरी बसवावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. "लिहा की," मी म्हणालो, "काय फरक पडतो?"

फेलिसियानोसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "यात लाजण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. लाजतंय कोण, असं माझ्या मनात आलं. पण परवानगी हातात पडली होती. चेअरमन मुलगी मागायला येणाऱ्यांच्या बाबतीत एवढे हळवे असतील असं वाटलं नव्हतं. घरी येऊन निल्दाला सांगितलं, "इमारतीत सगळ्यांना कळलंय, पण काय खानदानी माणसं आहेत, एक शब्द काढत नाहीत." निल्दानं माझ्यावर संशय घेतला. मी आईची शपथ घेतली.

आता सल्ल्यांबद्दल. मी काय शिजवतोय हे कळल्यापासून कुणी मला सुखानं जिना चढू दिला नाही. खाटीक म्हणाला, मांस रेषांना आडवं कापा. खाटकाच्या दुकानात उभ्या असलेल्या दोन बायका म्हणाल्या, उभं कापा. माझ्या कचेरीतल्या नोटरीसाहेबांनी एका खरेदीखताच्या मधोमध थांबून मला सांगितलं, की कांदा शेवटी घालायचा, आणि खरेदीखत करायला आलेला माणूस म्हणाला, छे, आधी. पहिल्या मजल्यावरच्या एर्मेलिंदाबाई तर व्हिनेगरच्या प्रश्नावर माझ्या मागोमाग तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्या. यांचं सगळं आयुष्य खिडकीत जातं, त्यामुळे त्यांना इमारतीची माहिती इमारतीच्या आधी असते.

"व्हिनेगर मांसावर घाला, काका, कांद्यावर नाही. आणि सोया सॉस हात राखून."

"मला कळतं हो, बाई."

"कळतं तर कळतं. आम्ही आपलं काळजीपोटी." आणि त्यांनी पदराआडून काढावीत तशी पिशवीतून नूडल्सची पाकिटं काढून माझ्या हातात दिली. "घ्या. नाही म्हणू नका. वहिनींना म्हणावं, सगळं नीट होईल."

त्यानंतर तर रीघच लागली. चौथ्या मजल्यानं कांद्याचं पोतं पाठवलं. फेलिसियानोसाहेबांनी बीफ पाठवलं, तेही कण्याकडचं, उत्तम. कुणी टोमॅटो आणून दिले, कुणी चिचा मोरादाचं सरबत करायला जांभळा मका, कुणी कागदी ताटल्या. मिलुस्का म्हणाली, "पपा, हे जरा जास्तच होतंय." मी म्हणालो, "बाळ, माणसानं जन्मभर सरळ वागलं की त्याची कदर होते." आणि एवढं सामान आलंय तर सगळंच शिजवावं, व्याह्यांपुढे घर भरलेलं दिसेल, असं मी ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी मी सूट घातला, त्यावर निल्दाचा फुलाफुलांचा एप्रन बांधला आणि शेगडी पेटवली. चोयची ती शेगडी पेटते म्हणजे विमान उडायला निघाल्यासारखा आवाज होतो. आधी त्याच कढईत नूडल्स उकडून काढल्या, मग तेल तापवलं, आणि मांस टाकताक्षणी जाळ उडी मारून आत आला. माझी डावी भुवई त्यात थोडी कामी आली. पण काय वास सुटला! मी मीठ घातलं. सोया सॉस घातला. मोठी कढई म्हणून थोडा जास्त घातला. आणि मान वर केली तर अंगणात माणसं उभी.

माणसं आणि डबे. प्रत्येकाच्या हातात एक डबा, काहींच्या हातात दोन. फेलिसियानोसाहेबांनी आधीच एक टेबल मांडलं होतं आणि त्यावर वर फट पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं. माझी समजूत, की ते लग्नाच्या पाकिटांसाठी असावं. थोडी घाई वाटली, पण चेअरमनांचा उत्साह.

एर्मेलिंदाबाई सगळ्यांत पुढे होत्या. "दोन द्या काका, आणि एक सासूबाईंना."

बाईंचं धाडस पाहून मी चकित झालो. व्याही अजून यायचे होते. पण शुभ दिवशी कुणाला नाही कसं म्हणायचं? दिलं. त्यांनी खोक्यात नोट टाकली. मागच्यानं डबा पुढे केला. त्यालाही दिलं. मी परतत होतो, माणसं घेत होती, तिथेच उभं राहून खात होती आणि एकजात म्हणत होती, "अप्रतिम, काका, अप्रतिम!" आठवडाभर मला अक्कल शिकवणारी हीच माणसं! एकालाही खोड काढायला जागा सापडली नव्हती. चिचा तर इतकी खपत होती की मिलुस्काला जग भरायला पुन्हा पुन्हा वर पळावं लागत होतं. मी मनात म्हटलं, आबेलार्दो, तुझ्यात हा गुण होता आणि जग मात्र तुला हेडक्लार्क समजत राहिलं.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी डबा पुढे करत विचारलं, "मग ऑपरेशन कधी?"

"कुणाचं?"

"वहिनींचं. हाताचं."

माझा झारा हवेतच थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. रांग गेटच्या बाहेर वळली होती. आणि मग माझ्या टकुऱ्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे ही रीतच आहे. घरात आजारपण आलं, ऑपरेशनचा खर्च झेपेनासा झाला, की घरचा कर्ता कोंबडी तळतो किंवा तायारीन परततो आणि शेजारपाजाऱ्यांना विकतो. शेजारी सामान देतात, ताटल्या विकत घेतात, आणि जेवण कसंही असलं तरी चांगलंच म्हणतात. मी स्वतः अशी कितीतरी जेवणं निमूटपणे गिळली आहेत. प्लास्टरमधली बायको, घरगुती कारण, फार बोलता न येणं, मदतकार्याचा रकाना! मी समजत होतो की हे माझं गुपित राखताहेत, आणि ते समजत होते की ते माझी अब्रू राखताहेत.

अब्रू! मी, नोटरीच्या कचेरीचा हेडक्लार्क, सूट घालून, फुलाफुलांचा एप्रन बांधून, सबंध लिन्सेसमोर बायकोच्या हातासाठी मदत मागत होतो, आणि कुठल्याही क्षणी व्याही गेटातून आत येणार होते.

"लोकहो!" मी ओरडलो. "ऑपरेशन नाही! निल्दाला काही झालेलं नाही! आम्हाला पैशाची गरज नाही!"

नेमकी त्याच वेळी निल्दा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत आली आणि खाली काय गडबड आहे म्हणून प्लास्टरचा हात हलवून तिनं विचारलं. खालच्या बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले.

"बघा," फेलिसियानोसाहेब रांगेकडे वळून भरल्या आवाजात म्हणाले, "याला म्हणतात स्वाभिमान." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांगेत आणखी चारदोन माणसं येऊन उभी राहिली.

मी शेगडी सोडून पळालो असतो. पण सालतादोची कढई सोडता येत नाही. एक क्षण हात थांबला की नूडल्स बुडाला धरतात. मी परतत राहिलो आणि गेटकडे बघत राहिलो, आणि जे व्हायचं तेच झालं. एवारिस्तोसाहेब निळ्या सुटात, हातात केकचं खोकं. त्यांच्या पत्नी इर्माबाई, हातात फुलं. मागे रेन्सो, मानेपर्यंत लाल. ते सरळ माझ्याकडे यायला निघाले, तशी एर्मेलिंदाबाईंच्या सासूबाई आपली काठी आडवी घालून गरजल्या, "अहो टायवाले! रांग दिसत नाही का?"

आणि एवारिस्तोसाहेब, पत्नी, मुलगा, केक आणि फुलांसकट, गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यात एर्मेलिंदाबाई दोन डबे भरून घेऊनही घरी गेल्या नव्हत्या. नवीन चेहरे दिसताच त्या इर्माबाईंना जाऊन चिकटल्या. त्यांचा आवाज पहिल्या मजल्यावरून रस्त्यापलीकडे ऐकू जातो. मी तर चार पावलांवर होतो.

"तुम्ही यांच्या ओळखीचे का हो?"

"अजून फारशी ओळख नाही," इर्माबाई म्हणाल्या.

"मग मी सांगते. माणूस तिरसट आहे. सगळ्यात याला जास्त कळतं. पण माझे मिस्टर आजारी होते ना, तेव्हा सरकारी दवाखान्यात नंबर लावायला पहाटे उजाडायच्या आधी कोण जाऊन उभं राहायचं? हा. आम्ही न सांगता. चिठ्ठी आणून दारातून आत सरकवायचा आणि कचेरीला जायचा. आभार मानायला गेले तर म्हणाला, मला तशीही झोप येत नाही. आणि ती मुलगी! मिस्टरांना जिना चढवायची नाही, अक्षरशः उचलायची. आज त्याच्यावर ही वेळ आली, तर आम्ही काय घरात बसायचं?"

मला खरोखरच झोप येत नसे. पण ते कुणी लक्षात ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं. कांदा केव्हाच परतून झाला होता, त्यामुळे त्याच्यावर ढकलायचीही सोय राहिली नाही. मी रडत रडत परतत राहिलो.

रांग सरकत सरकत एवारिस्तोसाहेब माझ्यासमोर आले. तोवर निल्दाही खाली आली होती, आणि मिलुस्का जग हातात घेऊन माझ्या शेजारी उभी होती. रांगेतल्यांनी सांगितलेलं सगळं साहेबांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"एवारिस्तोसाहेब, हा सगळा घोटाळा आहे. आम्ही काही अगदी असे..."

"काही बोलू नका."

"अहो, ऑपरेशन नाही, नुसतं प्लास्टर आहे!" निल्दानं प्लास्टर टेबलावर आपटून दाखवलं. खोकं उडालं. (त्या खोक्याचं पुढे काय झालं, असं लोक मला अजून विचारतात. मदतकार्यात जमलेलं परत करायचा नियमच नाही असं फेलिसियानोसाहेबांचं म्हणणं आहे. कमिटीच्या सभा चालू आहेत.)

एवारिस्तोसाहेबांनी केक फेलिसियानोसाहेबांच्या हातात दिला, टाय सरळ केला, आणि ते इतक्या मोठ्यानं बोलले की खाणारे थांबले. "आबेलार्दोसाहेब, निल्दाताई. आम्ही आमच्या रेन्सोसाठी तुमची मिलुस्का मागायला आलो आहोत. हे तुमच्या दिवाणखान्यात बोलायचं होतं, पण तिथपर्यंत आम्हाला कुणी जाऊ देईना."

रांगेतून एक मोठा 'आऽऽ' उठला. आता त्यांच्या टकुऱ्यात प्रकाश पडत होता. एर्मेलिंदाबाईंनी कपाळावर हात मारला. एवढी मोठी बातमी त्यांच्या खिडकीखालून त्यांना न विचारता निघून गेली होती.

मी आठवडाभर एक छोटंसं भाषण पाठ केलं होतं. त्यात घराणं होतं, संस्कार होते, दोन घरांमधला पूलही होता. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी मिलुस्काकडे पाहिलं. ती खाली बघत नव्हती. थेट माझ्याकडे बघत होती.

"ती म्हणेल ते," मी म्हणालो. "आणि ती हो म्हणणार आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. फक्त मला ते नको होतं. घर फार शांत होईल हो आमचं." मी व्याह्यांकडे वळलो. "घेऊन जा. पण रविवारी पाठवत जा."

"हो, पपा," मिलुस्का म्हणाली. "आणि परता, लागतंय."

टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या, रेन्सो घाईघाईत चुकून, आपली कढई बघायला आलेल्या चोयच्याच गळ्यात पडला. कढईत आता शेवटचंच उरलं होतं. ताटल्या संपल्या होत्या, म्हणून मी काटे आणले आणि दोन्ही घरं कढईभोवती उभी राहिली. पहिला घास एवारिस्तोसाहेबांचा. त्यांनी काट्याला नूडल्स गुंडाळल्या, मांसाचा तुकडा टोचला, तोंडात घातला, चावला. सबंध अंगण बघत होतं. ते 'अप्रतिम' म्हणतील, मग मी मान झुकवीन, अशी माझी तयारी होती.

त्यांनी घास कसाबसा गिळला. मिलुस्काच्या हातातला जग घेतला आणि तोंडाला लावला.

"व्याही," ते म्हणाले, "खारट आहे हो. मिठागर आहे नुसतं."

आणि मग बांध फुटला. "खारटच आहे!" चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ ओरडले. "मला वाटलं माझीच जीभ बिघडली!" "आम्ही दोन जग प्यायलो!" "सासूबाईंनी तर धुऊन खाल्लं!" "मी सांगितलं होतं, सोया सॉस हात राखून, पण ऐकतंय कोण?" "आणि कांदा आधी का घातला?" "आधीच घालतात!" सगळे एकदम बोलायला लागले, सगळे मला शिकवायला लागले, आणि फेलिसियानोसाहेब अंगणातल्या आवाजाचा नियम सांगायला लागले, तो कुणाला ऐकू गेला नाही.

मला राग यायला हवा होता. एरवी एवढ्यावर मी महिनाभर जिना उतरलो नसतो. पण मी उभा राहून हसत होतो, कारण या माणसानं मला व्याही म्हटलं होतं, आणि मदतीच्या जेवणाला कुणी खारट म्हणत नाही.

एवारिस्तोसाहेबांनी निळा कोट काढून इर्माबाईंकडे दिला, बाह्या वर केल्या आणि उरलेलं नूडल्सचं एक पाकीट दातांनी फाडलं.

"यात आणखी नूडल्स घालू, मीठ पसरेल. पाणी आणा कुणीतरी. सरका बघू जरा."

आठवडाभर मी त्या कढईला कुणालाही हात लावू दिला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. मी झारा त्यांच्या हातात दिला आणि सरकलो.